कै. डॉक्टर भाऊ दाजी लाड

भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जाऊन पशुपक्षी पाहून आलेलीं मुलें आपणांस पुष्कळ भेटतात. त्या बागेच्या दारापाशींच एक जुनी व देखणी इमारत आहे. तिच्यांत शिरून घटका-दोन घटका रमलेलीं मुलें मात्र थोडीं. त्या इमारतीस ज्यांचें नांव दिलेलें आहे ते डॉक्टर भाऊ दाजी लाड कोण, असें वर्गांत विचारलें असतां कोणी तरी मोठे डॉक्टर असावेत, एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. उत्तर खोटें नाहीं, परंतु तें फार अपुरें आहे. रोग्याची नाडी पाहणें हा भाऊंचा धंदा होता; विद्या आणि कला यांची नाडी चालू ठेवणें हें त्यांचें जीवितकार्य होतें.

आमच्या वार्षिकांकांत त्यांचेंच चरित्र देण्यास कारण आहे. विद्यार्थ्यांनीं निबंध लिहावे, मासिक काढावें, नाटक बसवावें, चित्रें काढावीं, हें सर्वांसच पसंत असतें. परंतु त्यासाठीं लागणारा पैसा कोठून यावयाचा, हा प्रश्न निघाला कीं सभा एकदम शांत होते. हा प्रश्न आजचा नव्हे. इंग्रजी शाळांत शिकलेल्या आपल्याकडील पहिल्या पिढीपुढेंही तो उभा होता, आणि त्या पिढींत जे थोडे पुरुष त्याच्याशीं जन्मभर झुंजले त्यांत भाऊ दाजींचें नांव वरच्या ओळींत येतें. त्यांना यश आलें तसें अपयशही आलें. दोन्ही जाणून घेण्यासारखीं आहेत.

भाऊंचा जन्म १८२२ सालीं गोमंतकांत, पेडणें महालांतील मांद्रें या गांवीं झाला. त्यांचें खरें नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडिलांना घरांत दाजी म्हणत व मुलाला भाऊ. त्यावरून भाऊ दाजी हेंच नांव लोकांच्या तोंडीं बसलें आणि तेंच पुढें विद्वानांच्या सभांतूनही रूढ झालें. घरची स्थिति अगदीं बेताची होती. वडील मातीचीं चित्रें व बाहुल्या विकून संसार चालवीत. आपलें नशीब काढण्यास मुंबईस येणाऱ्या अनेक कुटुंबांप्रमाणें हें कुटुंबही मुंबईस आलें. ज्याच्या घरांत ओल्या मातीचा वास आणि बोटांतील कसब हीच काय ती दौलत होती, त्या मुलाला कलेची किंमत आणि कलावंताची भूक या दोन्ही गोष्टी लहानपणींच कळल्या असल्या पाहिजेत.

मुलगा बुद्धिबळांत असामान्य निघाला. त्याचा खेळ एका इंग्रज गृहस्थांच्या नजरेस पडला. एवढ्याशा वयांत इतकी पुढची चाल पाहणाऱ्या मुलाची बुद्धि फुकट जाऊं नये म्हणून त्यांनीं वडिलांस भेटून त्याला इंग्रजी शिकविण्यास सांगितलें. वडिलांनीं तें ऐकलें. बाहुल्या विकून चार पैसे मिळविणाऱ्या माणसाला हाताशीं आलेला मुलगा शाळेंत पाठविणें सोपें नसतें. या चरित्रांतील पहिला दानशूर कोण असें कोणी विचारल्यास आम्ही विठ्ठल लाड यांचेंच नांव सांगूं.

भाऊ एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकले आणि पुढें तेथेंच शिक्षक झाले. काठेवाड व कच्छ या प्रांतांत नवजात मुलींना मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावर निबंध लिहून त्यांनीं बक्षीस मिळविलें. लेखणीचा उपयोग केवळ शोभेसाठीं करावयाचा नसतो, हें त्यांच्या या पहिल्याच मोठ्या लेखावरून दिसून येतें. १८४५ सालीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलें, तेव्हां शिक्षकाची जागा सोडून भाऊ पुनः विद्यार्थी झाले, आणि १८५१ सालीं तेथून जी पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली तींत ते होते. त्यांचे बंधु नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघां भावांचा या शहरांत लवकरच मोठा लौकिक झाला.

आतां आम्ही ज्या गोष्टीसाठीं हें चरित्र लिहावयास घेतलें तिच्याकडे वळतों. १८४८ सालच्या जून महिन्यांत एल्फिन्स्टन विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं आपले अध्यापक पॅटन यांच्या उत्तेजनानें एक सभा स्थापन केली. स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी हें तिचें नांव. विद्यार्थ्यांनीं एकत्र जमावें, वाङ्मय व शास्त्र यांवरील निबंध वाचावे, त्यांवर मोकळेपणीं चर्चा करावी, असा तिचा हेतु होता. दादाभाई नौरोजींसारखे तरुण तिचे आधारस्तंभ होते. इंग्रजींत मिळविलेलें ज्ञान इंग्रजी न जाणणाऱ्या देशबांधवांस कसें पोंचेल, हा विचार त्यांच्या मनांत लवकरच आला, आणि या सभेला मराठी व गुजराती अशा दोन शाखा फुटल्या. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिचे अध्यक्ष होते. मूळ सभेचें अध्यक्षस्थान पुढें भाऊ दाजींकडे आलें. त्या स्थानावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ तेच.

सभेंत निबंध वाचले जात. परंतु वाचलेला निबंध हवेंत विरून जातो, छापलेला टिकतो. म्हणून मराठी शाखेनें १८५० सालीं मराठी ज्ञानप्रसारक नांवाचें मासिक काढलें. आज मासिक काढणें म्हणजे काय याची कल्पना वाचकांस आहे. पण त्या काळीं तें किती अवघड होतें याची कल्पना सहसा नसते. मराठी गद्य तेव्हां नुकतें कोठें बाळसें धरीत होतें. शास्त्रीय विषय लिहावयाचा तर शब्दच नवे घडवावे लागत. वाचणारे थोडे, विकत घेऊन वाचणारे त्याहून थोडे. टपालाचें हंशील अंतरावर ठरत असे. सर्व देशभर एकच स्वस्त दर १८५४ सालीं सुरू झाला. तोंपर्यंत मुंबईचें मासिक लांबच्या गांवीं पोंचणें खर्चाचेंच काम होतें. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या अलौकिक विद्वानानें १८३२ सालीं सुरू केलेलें दर्पण पत्र १८४० सालीं बंद पडलें होतें, ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढें ताजी होती.

अशा स्थितींत तरुणांनीं चालविलेलें हें मासिक १८६७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें चाललें. त्यांत इतिहास आला, भूगोल आला, सृष्टिशास्त्र आलें, समाजाच्या चालीरीतींची चर्चा आली. एखादें मासिक सतरा वर्षें चालतें तें एका मोठ्या देणगीवर चालत नाहीं. देणगी म्हणजे वळिवाचा पाऊस. धो धो पडतो आणि वाहून जातो. मासिकाला लागते ती विहिरीच्या झऱ्यासारखी, थोडी पण न आटणारी वर्गणी. कोणी तरी दर महिन्यास लेख मागावयास जातो, कोणी मुद्रितें तपासतो, कोणी वर्गणीचा हिशेब ठेवतो, आणि या कोणाचेंही नांव मुखपृष्ठावर येत नाहीं. ज्ञानप्रसारकाच्या सतरा वर्षांचें रहस्य आम्हांस तरी हेंच वाटतें.

याच सभेनें १८४९ सालीं मुलींच्या शाळा उघडल्या. पगारी शिक्षक ठेवण्यास पैसा नव्हता. तेव्हां सभेचे तरुण सभासद आपलें कॉलेज भरण्यापूर्वीं, सकाळच्या वेळीं, स्वतः त्या शाळांत जाऊन फुकट शिकवूं लागले. मुली शिकणार हें ऐकून शहरांतील जुन्या मंडळींनीं नाकें मुरडलीं. परंतु शाळा चालल्या आहेत, मुली लिहूंवाचूं लागल्या आहेत, हें प्रत्यक्ष दिसल्यावर श्रीमंतांचीं मनें पालटलीं. पारशी धनिकांनीं पारशी मुलींच्या शाळांचा खर्च उचलला. नाना शंकरशेट यांनीं मराठी मुलींच्या शाळेसाठीं आपल्या वाड्याच्या आवारांत जागा दिली. भाऊ दाजी या कामांत सभेच्या पाठीशीं खंबीरपणें उभे राहिले. पुढें त्यांच्या मित्रांनीं व चाहत्यांनीं निधि जमवून त्यांच्या नांवानें मुलींची शाळा चालविली, यावरूनच या कामाशीं त्यांचें नांव किती जोडलें गेलें होतें हें समजतें. येथें क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं श्रम, मग मागणी. हात पुढें करण्यापूर्वीं या तरुणांनीं हात चालविले होते, म्हणून मागितलेलें मिळालें.

नाट्यकलेचीही एक हकीकत येथें सांगितली पाहिजे. सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सीतास्वयंवराचा खेळ केला, हें आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों. पण पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. १८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि त्यांच्याबरोबर नाटकाचा आश्रयही गेला. एका माणसाच्या मर्जीवर उभी असलेली कला त्या माणसाबरोबर जमीनदोस्त होण्याचा हा प्रसंग होता. भावे खचले नाहींत. मंडळी घेऊन ते गांवोगांव हिंडूं लागले व १८५३ सालीं मुंबईंत येऊन पोंचले. दरबारांत राजापुढें होणारा खेळ आतां तिकिट काढून येणाऱ्या लोकांपुढें करावयाचा होता. मुंबई त्यांना अनोळखी होती. तेथें नाना शंकरशेट व डॉक्टर भाऊ दाजी यांनीं त्यांस हात दिला, आणि ग्रँट रोडवरच्या ज्या नाटकगृहांत तोंपर्यंत इंग्रजी खेळ होत, तेथें मराठी नाटकाचा पडदा वर गेला. राजाश्रयांतून लोकाश्रयांत येतांना मराठी नाटकाला ज्यांनीं उंबरठा ओलांडून घेतलें, त्यांत हे तरुण डॉक्टर होते. त्या वेळीं त्यांना धंदा सुरू करून दोनच वर्षें झालीं होतीं. नाटक म्हणजे उनाडांचा खेळ, असें मानणाऱ्या त्या काळांत एका प्रतिष्ठित वैद्यानें आपलें नांव त्याला जोडणें ही लहान गोष्ट नव्हती.

सार्वजनिक कामांचा त्यांचा पसारा एवढा मोठा होता कीं, त्या सर्वांचें वर्णन करावयास एक पुस्तक लागेल. १८५२ सालीं बाँबे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिचे ते चिटणीस होते. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां पहिल्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली. १८६९ व १८७१ अशीं दोन वर्षें ते मुंबईचे शेरीफ होते. गरिबांना ते फुकट औषध देत. महारोगासारख्या भयंकर व्याधीवर देशी वनस्पतींचा उपाय शोधण्यासाठीं त्यांनीं परिश्रम केले, आणि कडूकवठीच्या बियांच्या तेलाचा त्या रोगावर उपयोग करून पाहिला. विद्यार्थ्यांच्या त्या मंडळींतूनच पुढें आलेले करसनदास मुळजी यांनीं आपल्या पत्रांतून धर्मगुरूंच्या दुराचारावर लेख लिहिला व त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, तेव्हां १८६२ सालच्या त्या गाजलेल्या खटल्यांत भाऊंनीं न्यायासनासमोर उभें राहून करसनदासांच्या बाजूनें साक्ष दिली. शहरांतले बडे लोक रुष्ट होतील, रोगी तुटतील, हा विचार त्यांनीं केला नाहीं. पत्राला वर्गणी देणें हें साह्य खरेंच. पण पत्रानें खरें लिहिलें म्हणून तें संकटांत सांपडलें असतां त्याच्या शेजारीं उभें राहणें हें त्याहून मोठें साह्य होय.

आतां त्यांच्या सर्वांत मोठ्या उद्योगाकडे येऊं. १८५५ सालीं पॅरिस शहरीं मोठें प्रदर्शन भरलें. त्याच्यासाठीं या इलाख्यांतील कारागिरीच्या व पैदाशीच्या वस्तु जमविण्यांत आल्या, आणि त्या निमित्तानें मुंबईस आपलें एक संग्रहालय असावें ही कल्पना निघाली. किल्ल्यांतील लष्करी बराकींत एक लहानसें संग्रहालय सुरूही झालें. परंतु १८५७ च्या उठावाच्या धामधुमींत सैन्यासाठीं ती जागा तांतडीनें रिकामी करण्याचा हुकूम सुटला. वस्तु घाईघाईनें हलविल्या गेल्या. पुष्कळ मोडल्या, पुष्कळ नाहींशा झाल्या. संकट आलें असतां पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, याचें हें जुनें उदाहरण आहे.

१८५८ सालीं टाउन हॉलांत नागरिकांची सभा भरली, आणि राणी व्हिक्टोरियाच्या नांवानें एक संग्रहालय व एक बाग शहराला द्यावी असें ठरलें. नाना शंकरशेट हे या कार्याचे पुढारी. डॉक्टर भाऊ दाजी व डॉक्टर जॉर्ज बर्डवुड हे चिटणीस. चिटणीस म्हणजे काय, हें ज्यानें कधीं एखाद्या मंडळाचें चिटणीसपण केलें असेल तोच जाणेल. सभेंत टाळ्या पडतात त्या अध्यक्षांच्या भाषणाला. दुसऱ्या दिवशीं उन्हांत वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरावयाचें असतें तें चिटणिसाला. सर जमशेटजी जिजीभाईंचें घराणें, डेव्हिड ससून व इतर धनिक यांनीं हात सैल सोडला. लोकांच्या वर्गणीनें एक लाख रुपयांहून अधिक रक्कम जमली आणि सरकारनेंही भर घातली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें इमारतीची कोनशिला बसली. हिंदु, पारशी, यहुदी, मुसलमान व इंग्रज अशा सर्वांचा पैसा एका पायांत ओतला गेला. त्या पायाखालीं कोणाचें देऊळ नव्हतें, कीं कोणाची पेढी नव्हती. ज्ञान आणि कला यांचें तें घर होतें.

याच सुमारास मुंबईवर पैशाचा पूर आला होता. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस विलायतच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरांत पैसा मावेना. रोज नवी पेढी, रोज नवी कंपनी. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीचे शेअर मूळ किंमतीच्या कितीतरी पटीनें विकले जाऊं लागले. सावकारापासून कारकुनापर्यंत जो तो शेअर घेऊं लागला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्या वर्षींच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस, सौद्यांची फेड करण्याच्या दिवशीं, मुंबईचें दिवाळें वाजलें. त्याच महिन्याच्या अखेरीस नाना शंकरशेट वारले.

भाऊ दाजीही या वावटळींतून सुटले नाहींत. वर्षानुवर्षांच्या श्रमानें जोडलेली त्यांची संपत्ति तींत गेली. चरित्र लिहिणारानें आपल्या नायकाची चूक झांकूं नये. जो मुलगा बुद्धिबळाच्या पटावर दहा चाली पुढच्या पाहत असे, त्याला बाजाराच्या पटावर पुढची एक चाल दिसली नाहीं. त्या एका वर्षांत मुंबईचा जो पैसा बुडाला, त्याच्या लहानशा हिश्शांत शंभर शाळा आणि पन्नास मासिकें सुखानें चाललीं असतीं, हा विचार मनाला चटका लावतो. कलेला द्यावयास पैसा नाहीं असें म्हणणारें शहर जुगाराला द्यावयास मात्र कधीं कमी पडत नाहीं.

संग्रहालयाचें काम अडलें. कबूल केलेल्या वर्गण्या येईनात, कारण कबूल करणारेच भिकेस लागले होते. अर्धवट उभ्या भिंती कांहीं काळ तशाच राहिल्या. परंतु पाया पडलेला होता, लोकांचा पैसा त्यांत गुंतलेला होता, आणि तो तसाच पडूं देणें कोणालाच शोभलें नसतें. अखेर सरकारास हात घालून तें काम पुरें करावें लागलें, आणि २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांसाठीं खुलें झालें. सभेच्या ठरावापासून दरवाजा उघडेपर्यंत चौदा वर्षें लागलीं. भाऊंना तो दिवस पाहावयास मिळाला.

परंतु आमच्या मतें भाऊंचा खरा मोठेपणा या इमारतींत नाहीं. तो त्यांच्या पडत्या काळांतील एका गोष्टींत आहे. जुने शिलालेख, ताम्रपट, नाणीं व पोथ्या यांवरून आपल्या देशाचा इतिहास लावण्याचा त्यांना मोठा छंद होता. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनीं वाचले; कालिदासाच्या काळाविषयीं व आर्यभट, वराहमिहिर या ज्योतिष्यांच्या काळाविषयीं निबंध लिहिले. दिवसभर रोगी पाहून एकट्या माणसाला सारा देश पालथा घालणें शक्य नव्हतें. म्हणून त्यांनीं जुनागडचे एक गरीब, इंग्रजी फारसें न जाणणारे, पण जुनीं अक्षरें लावण्यांत अत्यंत हुशार असे तरुण पंडित आपल्याजवळ आणले. हेच पंडित भगवानलाल इंद्रजी. १८६२ च्या सुमारास ते भाऊंकडे आले. भाऊंच्या खर्चानें ते रानांवनांतून, लेण्यांतून, ओसाड किल्ल्यांतून हिंडत. लेखांचे ठसे घेत, पोथ्या मिळवीत आणि आणलेलें सर्व भाऊंपुढें ठेवीत.

१८६५ नंतर भाऊंनीं या पंडितांस निरोप दिला असता तर त्यांस कोणीही दोष दिला नसता. घर चालविणें कठीण झालें असतां शिलालेखांच्या मागें पैसा कोण घालवील? परंतु भाऊंनीं तें काम थांबविलें नाहीं. पुढेंही भगवानलाल त्यांच्यासाठीं देशभर फिरत राहिले, आणि शेवटीं नेपाळापर्यंत गेले. भगवानलाल नेपाळांत असतांनाच, १८७४ सालच्या मे महिन्यांत, डॉक्टर भाऊ दाजी मुंबईस मृत्यु पावले. वय अवघें बावन्न वर्षांचें. इतक्या दूर देशीं त्या पंडितांस आपला आश्रयदाता गेल्याची वार्ता कळली असेल, तेव्हां त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच करावी.

तरी लावलेलें झाड मेलें नाहीं. भगवानलाल यांनीं हें काम पुढें स्वतंत्रपणें चालविलें, आणि ज्या गरीब पंडिताला भाऊंनीं हाताशीं धरलें होतें त्याला हॉलंडांतील लायडनच्या विद्यापीठानें सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. भाऊंचा पोथ्यांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत त्यांचें स्मारक म्हणून राहिला. बागेतल्या संग्रहालयास आरंभीं राणीचें व तिच्या पतीचें नांव होतें. १९७५ सालीं तें बदलून डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें नांव त्यास दिलें गेलें. काळाच्या ओघांत ती इमारत फार जीर्ण झाली होती. २००३ सालीं नगरपालिका, वारसा जतन करणारी एक संस्था व एक धर्मादाय निधि या तिघांनीं मिळून तिच्या जीर्णोद्धाराचा करार केला. त्या कामाला २००५ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें, आणि २००८ सालीं ती पुनः लोकांसाठीं उघडली. १८६२ सालीं जसे अनेक हात एकत्र आले होते, तसेच तिला वांचविण्यासही यावे लागले.

त्या संग्रहालयांत आज गेलें असतां कांचेच्या कपाटांत मातीचीं लहान लहान चित्रें मांडलेलीं दिसतात. नाना जातींचे, नाना धंद्यांचे लोक, त्यांचीं पागोटीं, त्यांचीं लुगडीं, त्यांचीं हत्यारें, सर्व कांहीं त्यांत हुबेहूब घडविलें आहे. मातीचीं चित्रें विकून ज्या बापानें मुलाला शिकविलें, त्या मुलाच्या नांवाच्या मंदिरांत मातीच्या चित्रांना मानाची जागा मिळावी, हा योगायोग खराच. पण असा योगायोग पाहून कोणाच्या मनांत कृतज्ञता उत्पन्न होणार नाहीं?

विद्यार्थ्यांनो, या चरित्रांतून तुम्हीं काय घ्यावें? एक तर हें कीं, मासिक असो, नाटक असो, चित्रकलेचा वर्ग असो, कोणी पैसे देईपर्यंत वाट पाहत बसूं नका. लेख लिहा, तो पुनः पुनः शुद्ध करा, मुद्रितें तपासावयास शिका, पडदे स्वतः रंगवा. ज्यांच्या बोटांना शाईचा किंवा रंगाचा डाग लागलेला असतो, त्यांना मागण्याचा अधिकार प्राप्त होतो. दुसरें असें कीं, एका मोठ्या दात्याची आशा धरूं नका. थोडें थोडें देणारे पुष्कळ जोडा. सांगलीच्या राजाबरोबर राजाश्रय गेला. तिकिटाचे पैसे देणारा लोक मात्र अजून नाट्यगृहांत येत आहे.

आणि पालकांस आमची नम्र विनंति आहे. शाळेचें अंदाजपत्रक तंग झालें कीं प्रयोगशाळेची कांच कोणी कमी करीत नाहीं, करूंही नये; परंतु वार्षिकांकाचीं पानें, वाचनालयाचीं मासिकें आणि रंगांच्या पेट्या यांवर पहिली रेघ ओढली जाते. ती ओढण्यापूर्वीं क्षणभर त्या बाहुल्या विकणाऱ्या बापाचें स्मरण करावें. त्याच्याजवळ देण्यासारखें फार नव्हतें. तरी जें होतें तें त्यानें मुलाच्या बुद्धीवर खर्च केलें. त्यांतून एक वैद्य निर्माण झाला, एक विद्वान निर्माण झाला, आणि एका शहराला आपली ओळख जपण्याची जागा मिळाली. आपल्या मुलाची पहिली कविता ज्या चार पानांत छापून येणार आहे, त्यांची किंमत मांडतांना हाही हिशेब धरला जावा, एवढेंच आमचें मागणें आहे.